जुन्या गाडीचं काम: शोरूमला न्यावं की गावच्या मिस्त्रीकडे?

गाडीची वॉरंटी संपली, बँकेचे हप्ते फिटले, मीटर लाखाच्या पुढे गेला, की आपल्या विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत गाडीवाल्यांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शोरूमवाले लुटतात, मी तिकडची पायरी चढत नाही. दुसरा म्हणतो, गावातल्या मिस्त्रीने हात लावला की गाडी गेलीच समजा. दोघांकडेही किस्से असतात आणि ते बहुतेक खरेही असतात. पण किस्स्यांवरून निर्णय घेण्यात पैसा जातो. बिलात फरक नेमका कशामुळे पडतो हे एकदा समजलं, की कोणतं काम कुठे करायचं ते त्या-त्या कामावरून ठरवता येतं. एकच गाडी एका कामाला कंपनीच्या यवतमाळच्या वर्कशॉपला आणि दुसऱ्या कामाला दारव्ह्याच्या गॅरेजला जावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लचचं काम घेऊ, कारण ते जुन्या गाडीला कधी ना कधी येतंच. खाली दिलेले आकडे हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत, गाडीप्रमाणे ते बदलतील. छोटी पेट्रोल गाडी, बारा-तेरा वर्षं जुनी. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा कंपनीचा सेट ५,००० रुपये छापील किमतीचा. वर्कशॉपमध्ये मजुरी ३,०००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४०. झाले ८,५४०. पण हातात येणारं बिल बहुधा एवढ्यावर थांबत नाही. त्यात इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचा फवारा, अंडरबॉडी कोटिंग अशा दोन-चार ओळी असतात. त्या २,८०० च्या धरा, वर जीएसटी ५०४. एकूण ११,८४४.

आता तेच काम गावच्या गॅरेजमध्ये. तोच सेट पार्टच्या दुकानातून थोडी सूट घेऊन ४,६०० ला आला, मिस्त्रीने मजुरी ठोक १,५०० सांगितली. एकूण ६,१००. फरक ५,७४४ रुपयांचा. जवळपास दुप्पट! इथेच माणूस ‘लुटतात’ म्हणून मोकळा होतो.

जरा थांबून तो फरक फोडून बघा. पार्टच्या किमतीतला फरक फक्त ४०० रुपये. मजुरी आणि तिच्यावरच्या कराचा फरक २,०४०. उरलेले ३,३०४ हे जास्तीच्या ओळींचे, म्हणजे अर्ध्याहून अधिक. क्लच बदलायला यांतल्या एकाही गोष्टीची गरज नव्हती. ती कामं दरवेळी फालतू असतात असं नाही. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचून गाडी उभ्या-उभ्या आयडलिंगला बंद पडत असेल तर ती साफ करायलाच हवी. पण तक्रार नसताना ती बिलात आली असेल तर कारण वेगळं आहे. वर्कशॉपमध्ये गाडीची कामं लिहून घेणाऱ्या अॅडव्हायझरला अशा कामांचं टार्गेट असतं. तो बिचारा आपली नोकरी करत असतो. ‘हे नको’ एवढं म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि जॉब कार्डवर, म्हणजे ठरलेल्या कामांच्या यादीवर, सही करण्याआधी ते म्हटलं तर कोणी अडवत नाही. सही झाल्यावर, गाडी धुऊन उभी असताना, गेटपासच्या खिडकीवर वाद घालून काही मिळत नाही.

म्हणजे खरी तुलना ८,५४० विरुद्ध ६,१०० अशी आहे. शिवाय आपल्याकडे एक खर्च असा आहे जो शहरातल्या माणसाला दिसत नाही. वर्कशॉप ७० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १४० किलोमीटर झाले, दहाएक लिटर पेट्रोल, म्हणजे हजाराच्या वर. गाडी दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर एसटीने परत या आणि पुन्हा जा. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून एक दिवस उठून जाणं किती महाग पडतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. गाडी जागेवरून हलतच नसेल तर टोचन करून न्यायचे पैसे वेगळे.

मजुरीत दुप्पट फरक का असतो? कंपनी प्रत्येक कामाला ठरावीक वेळ नेमून देते आणि वर्कशॉप त्या वेळेला आपल्या तासाच्या दराने गुणतं. त्या दरात लिफ्ट, स्कॅनर, कंपनीने सक्तीने घ्यायला लावलेली हत्यारं, मेकॅनिकचं प्रशिक्षण, बसायची एसी खोली, सगळं आलं. मिस्त्रीचा खर्च म्हणजे टिनाचं शेड, जॅक, पान्यांची पेटी आणि हाताखालची दोन पोरं. शिवाय वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. म्हणून त्याच्या मजुरीवर कर लागत नाही, आणि त्यात काही बेकायदा नाही.

पाकिटावरची किंमत

पार्टच्या पाकिटावर जी एमआरपी छापलेली असते, तिच्यात सगळे कर आलेले असतात. कंपनीच्या पाकिटातला पार्ट तुम्ही वर्कशॉपमध्ये घ्या नाहीतर हिंगणघाटच्या दुकानात, छापील किमतीच्या वर एक रुपयाही कोणी घेऊ शकत नाही. बिलावर पार्टची किंमत आणि जीएसटी वेगळे दाखवलेले असतात तेव्हा दोन्हींची बेरीज छापील किमतीच्या आतच यायला हवी. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असं कोणी सांगत असेल तर तो एकाच मालावर दोनदा कर घेतोय. मजुरीचं तसं नाही, तिच्यावर १८ टक्के वेगळे लागतात.

आणखी एक. बहुतेक मोटार पार्टवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. टायर आणि बॅटरीचंही तेच. ज्या पार्टची मूळ किंमत १,००० रुपये, तो आधी १,२८० ला होता, आता १,१८० ला यायला हवा. दुकानात जुनं पाकीट पडून असेल आणि त्यावर जुनीच किंमत असेल तर नवा हिशेब विचारा.

बदलायचं की दुरुस्त करायचं

मोठा पैसा इथे आहे. क्लचमध्ये दोन्हीकडे एकच काम होतं. पण जुन्या गाडीच्या निम्म्या कामांत वर्कशॉप आणि मिस्त्री दोन वेगळीच कामं करत असतात, आणि आपण मात्र त्यांच्या बिलांची तुलना करत बसतो.

अल्टरनेटर घ्या, म्हणजे आपल्या बोलण्यातला डायनमो. मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागला, बॅटरी चार्ज होत नाही. वर्कशॉपमध्ये तपासतात, चार्जिंग कमी येतं, निदान होतं ‘अल्टरनेटर अॅसेंब्ली बदला’. किंमत आठ-दहा हजार. आता तीच गाडी तालुक्याच्या वायरमनकडे न्या. तो दोन बोल्ट आणि बेल्ट काढून डायनमो बाकड्यावर घेतो, मागचं कव्हर उघडतो आणि बोटभर लांबीचं ब्रश होल्डर तुमच्या तळहातावर ठेवतो. त्यातला एक कार्बनचा ब्रश स्प्रिंगच्या तोंडाशी येऊन घासलेला, नखाएवढा उरलेला. ‘डायनमो नाही गेला भाऊ, कार्बन घासले हायेत फक्त.’ मग तो स्लिप रिंग पॉलिश पेपरने साफ करतो, बेअरिंग फिरवून कानाशी नेतो, खरखर वाटली तर तेही बदलतो. हजार-दीड हजारात गाडी रस्त्यावर. हे काम ज्याने जवळून बघितलं आहे त्याला कळतं की त्या माणसाकडे डिग्री नसली तरी विद्या आहे.

मग वर्कशॉपवाला खोटं बोलला का? नाही. त्याला कंपनीने अॅसेंब्ली बदलायलाच शिकवलेलं असतं. कार्बन सुटे मागवायची सोय त्याच्या पार्ट-यादीत बहुधा नसते, आणि बसवलेल्या मालाची हमी त्याला द्यायची असते. उघडून दुरुस्त केलेल्या डायनमोची हमी कोण देणार?

सेल्फ, रेडिएटरचा पंखा, पॉवर विंडोची मोटर, एसी कॉम्प्रेसरचा क्लच, चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश, सगळीकडे हाच प्रकार. वर्कशॉप आख्खा लोअर आर्म टाकतं, मिस्त्री प्रेसवर जुना बुश काढून नवा बसवतो. गाडीची बाजारातली किंमत दीड-दोन लाखांवर आली असेल तर अशा कामांत दुरुस्तीचाच मार्ग शहाणपणाचा.

पण एक रेघ मी कधीच ओलांडू देणार नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये जुगाड नको. ब्रेकचा मास्टर सिलिंडर पाझरतोय, कॅलिपर जाम होतोय, बॉल जॉइंट ढिला झालाय, टाय रॉड एंड वाजतोय, तर नवा आणि चांगल्या कंपनीचाच घाला. बॉल जॉइंट वेल्डिंग करून ‘टाइट’ करून देणारे आहेत. तो चालत्या गाडीत निसटला तर चाक आडवं होतं, आणि समृद्धीवर किंवा वर्धा रोडवर ताशी १०० च्या वेगात तसं झालं तर वाचायची आशा कमीच. सातशे-हजार रुपयांसाठी घरच्यांचा जीव टांगणीला लावू नका.

चुकीचं निदान सगळ्यांत महाग

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढे जातो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर बहुतेक वर्षी. या दिवसांत जुन्या गाडीची पहिली तक्रार म्हणजे तापमानाचा काटा वर जातो, गाडी गरम होते. याच एका तक्रारीत दोनशे रुपयांपासून वीस हजारांपर्यंत कुठलंही बिल होऊ शकतं, म्हणून ते नीट समजून घ्या.

इंजिन थंड ठेवणारं पाणी बंद नळ्यांतून फिरतं. रेडिएटरचं झाकण त्यावर दाब धरून ठेवतं, त्यामुळे ते १०० अंशांवर उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो, पाणी उकळून बाहेर पडतं. उपाय म्हणजे नवं झाकण, दोन-तीनशे रुपये. झाकण ठीक असेल तर पंखा वेळेवर लागतो का ते बघायचं. नसेल तर रिले, सेन्सर किंवा मोटर. पंखाही ठीक असेल तर रेडिएटरच्या जाळीत काय अडकलंय ते बघायचं. आपल्या भागात तिथे धूळ, किडे, कापसाचे पुंजके आणि सोयाबीनचा भुसा दाबून बसलेला असतो, समोरून एसीचा कंडेन्सर असल्यामुळे तो दिसतही नाही. मग थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, आणि हे सगळं तपासून झाल्यावर शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील. हेड उतरवायचं म्हटलं की लेथवर ते सपाट करून घेणं (प्लेनिंग) आलं, गॅस्केट सेट आला, दोन-तीन दिवस आले.

चांगला मिस्त्री याच क्रमाने वर चढतो. घाईतला मिस्त्री थेट हेड खोलतो. आणि फार जुन्या वळणाचा मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतो. हा थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारा झडपेचा तुकडा आहे. इंजिन लवकर योग्य तापमानावर यावं म्हणून तो असतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत तो काढून टाकायची सवय इतकी रुजली की आजही अनेक गॅरेजांत ती चालू आहे. पण कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा इंजेक्शनच्या गाडीत तो काढला की इंजिन थंडच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. मायलेज पडतं, प्लगवर काजळी धरते. मालक सहा महिने पेट्रोल पंपवाल्याला शिव्या देत फिरतो.

पाण्याचं आणखी एक आहे, ते अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावं. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं आहे. ते रेडिएटरमध्ये ओतलं की आतल्या अॅल्युमिनियमला गंज लागतो आणि नळ्यांत क्षार बसतात. इतर ठिकाणचं जड पाणीही कमी-जास्त हेच करतं. वाटेत अडचण आली म्हणून एकदा ओतलं तर ओतलं, पण घरी आल्यावर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. एवढ्यावर चार-पाचशे रुपये खर्च करणारा माणूस पुढचा रेडिएटर आणि वॉटर पंप वाचवतो.

आता मुद्दा असा की निदानाला कष्ट लागतात आणि त्याचे वेगळे पैसे द्यायची आपल्याला सवय नाही. इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, गाडी झटके खात असेल आणि गावात स्कॅनर नसेल, तर जिल्ह्याच्या वर्कशॉपला जाऊन फक्त तपासणी करून घ्या. तपासणीची फी भरा, बिघाडाचा कोड आणि एस्टिमेट कागदावर घ्या, आणि काम कुठे करायचं ते घरी येऊन ठरवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. अंदाजाने आज सेन्सर, उद्या कॉइल, परवा गाडीतला पेट्रोलचा पंप बदलत बसण्यापेक्षा ती फी फार स्वस्त पडते.

मजुरी पाडून मागू नका

हे मला मनापासून सांगायचं आहे. आपण शोरूममध्ये गेलो की छापील बिलाचे तीन हजार मुकाट्याने भरतो, आणि गावात मिस्त्रीने दीड हजार म्हटलं की ‘आठशे घे दादा, घरचंच हाय’ म्हणतो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मे महिन्यात तापलेल्या जमिनीवर पाठ टेकून चार-पाच तासांचं काम आहे. त्यातली मजुरी निम्मी केली तर तो माणूस घर कसं चालवणार? मग तो पार्टमध्ये काढतो. दुकानदार त्याच्या नावावर कमिशन ठेवतो, ते तुमच्याच बिलात असतं. कधी हलका पार्ट कंपनीचा म्हणून बसतो. ही वेळ त्याच्यावर आपणच आणतो.

साधा उपाय आहे. पार्ट स्वतः आणा, पाकीट आणि बिल स्वतःकडे ठेवा, आणि मजुरी तो मागेल ती, वाजवी असेल तर, पूर्ण द्या. एक अडचण सांगून ठेवतो. पार्ट तुम्ही आणला आणि तो खराब निघाला, तर दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तुम्हालाच द्यावी लागेल. ते न्याय्यच आहे. म्हणून आणायचा तर चांगलाच आणा. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्रँकचा मागचा ऑइल सील बघून घ्यायला सांगा. तो पाझरत असेल तर आत्ता काही शे रुपयांत होईल, नंतर त्याच्यासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागेल.

गावच्या मिस्त्रीचा आणखी एक मोठेपणा बिलात दिसत नाही. तो उधारी देतो. ‘कापूस विकला की देतो’ या शब्दावर गाडी सोडतो. वर्कशॉपच्या गेटमधून पूर्ण पैसे भरल्याशिवाय गाडी निघत नाही. पेरणीच्या तोंडावर हातात रोकड नसलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांची बिनव्याजी उधारी फार मोलाची आहे. तिचे पैसे दिवाळीनंतर वेळेवर नेऊन देणं हे आपलं काम.

पार्ट किती प्रकारचे

‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ असे दोनच प्रकार आपण धरतो, पण मध्ये एक फार कामाचा प्रकार आहे. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. शॉकअब्झॉर्बर, डायनमो, ब्रेकचे भाग, फिल्टर, प्लग, बेअरिंग हे बॉश, लुकास टीव्हीएस, गॅब्रिएल, राणे, ब्रेक्स इंडिया, वॅलिओ, एनजीके यांसारखे कारखाने बनवून देतात. तेच कारखाने स्वतःच्या नावाच्या पाकिटातही पार्ट विकतात, आणि ते बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीच्या पाकिटापेक्षा स्वस्त असतात. जुन्या गाडीसाठी मी हाच माल आधी बघेन. तालुक्याला नसेल तर दुकानदार नागपूर किंवा अमरावतीहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने दुसऱ्या दिवशी मागवून देतो.

बिननावाचा लोकल माल आरशाचं कव्हर, दाराचं हँडल, मडगार्डचं प्लास्टिक यांना चालतो. इंजिनच्या आत, ब्रेकमध्ये आणि टायमिंग बेल्टला अजिबात नको. भंगारातून काढलेला माल दार, काच, सीट, बॉनेट यांच्यासाठी उत्तम, मात्र कुठल्या गाडीचा आहे ते विचारून आणि बिल घेऊनच. ऑइल पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि रिकामा डबा फोडूनच टाका. अशाच डब्यांत पुन्हा भेसळीचं ऑइल भरलं जातं.

ज्यांच्याकडे शेव्हरोले, फोर्ड किंवा फियाट आहे त्यांच्यापुढे शोरूमचा प्रश्न जवळपास मिटलेलाच आहे. शेव्हरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. पण घाबरून गाडी मातीमोल विकायचं कारण नाही. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, टाटाच्या व्हिस्टामध्येही होतं, त्यामुळे त्याचे बरेच पार्ट आणि ते खोललेले मिस्त्री आजही सापडतात.

शोरूमलाच न्यावीत अशी कामं

एअरबॅगचा दिवा लागणं, ब्रेकची एबीएस यंत्रणा, चिपची चावी हरवणं, कॉम्प्युटर बदलून पुन्हा प्रोग्राम करणं: ही कामं कंपनीच्या स्कॅनरशिवाय बहुतेक गाड्यांत नीट होत नाहीत. एअरबॅगच्या पिवळ्या वायरला तर गावात कोणालाही हात लावू देऊ नका. बीएस-६ डिझेलमधला धूर गाळणारा फिल्टर बुजला तरी आधी वर्कशॉपच.

रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, मोफत असतो, आणि तो जुन्या गाडीलाही लागू असू शकतो. होंडाने भारतात जुन्या गाड्यांमधले टाकाटा कंपनीचे सदोष एअरबॅग इन्फ्लेटर बिनपैशाने बदलून दिले. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं, तुम्हाला कळतही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून एकदा बघून घ्या.

अपघाताचं काम विम्यातून करायचं असेल तर कॅशलेस सोय विमा कंपनीशी जोडलेल्या वर्कशॉपमध्येच मिळते. बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं तर आधी खिशातून भरून मग क्लेम घ्यावा लागतो. दोन्हीकडे गाडी खोलायच्या आधी विमा कंपनीला कळवणं आणि सर्व्हेयरने बघणं आवश्यक. साध्या पॉलिसीत घसारा कापला जातो: प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, काचेवर काही नाही, धातूच्या भागांवर गाडी ५ ते १० वर्षांची असेल तर ४० टक्के आणि १० वर्षांच्या वर ५० टक्के. म्हणून म्हाताऱ्या गाडीचा बंपर आणि मडगार्ड वर्कशॉपमध्ये बदलला तर क्लेम होऊनही निम्मं बिल आपल्याच अंगावर येतं. वर नो क्लेम बोनस जातो तो वेगळा. छोट्या ठोकरीला गावचा डेंटर-पेंटरच बरा.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर मोठं इंजिनकाम काढण्याआधी आरटीओचा हिशेब मांडा. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची फी कारला एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. पासिंगला लागणारी बॉडी, लाइट, ब्रेकची कामं वेगळी. हे सगळं मिळून गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी इंजिन खोलणार नाही.

बाहेर काम केलं तर वॉरंटीचा हक्क जातो का?

जात नाही. पार्ट आणि माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण त्या आदेशात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती: बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्या कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींबरोबर शेतीची यंत्रंही आहेत.

बिलात न सांगता काम घुसवलं, जुने पार्ट परत दिले नाहीत, किंवा काम करूनही तीच तक्रार राहिली, तर आधी वर्कशॉपच्या मॅनेजरला लेखी द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथूनही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वर्कशॉप नागपूरचं असलं तरी गडचिरोलीच्या माणसाला नागपूरला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची.

हीच दाद गावच्या गॅरेजविरुद्धही मागता येते, पण तिथे बिल नसतं ही खरी अडचण. मिस्त्रीकडे छापील बिलबुक नसलं तरी कोऱ्या कागदावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, बसवलेल्या पार्टचं नाव आणि मजुरी लिहून त्याची सही घ्या आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पार्टच्या दुकानाचं बिल त्याला जोडून डॅशबोर्डच्या खणात टाका.